थ्रीडी मायक्रोस्कोपमध्ये नेमकं नवीन काय?

गेल्या काही वर्षांत डोळ्यांच्या आणि मेंदूच्या मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातींत 'थ्रीडी मायक्रोस्कोप' हे शब्द ठळक अक्षरांत दिसू लागले आहेत. ते वाचून वाटतं, म्हणजे आजवर डॉक्टर सपाट चित्राकडे बघून ऑपरेशन करत होते की काय! तसं अजिबात नाही. शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप १९२२ पासून खोली दाखवतो आहे. नव्या यंत्रांनी घडवलेला बदल दुसराच आहे. ही खोली इतकी वर्षं मुख्यतः ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्याच वाट्याला येत होती, ती आता थिएटरमधल्या सगळ्यांना दिसते. ऐकायला हे किरकोळ वाटेल. ते किरकोळ का नाही हे समजायचं, तर आधी जुना मायक्रोस्कोप काय करतो ते बघायला हवं.

एक डोळा, मग दोन डोळे

१९२१ साली स्टॉकहोममध्ये कार्ल ओलोफ न्यूलेन या कानाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मायक्रोस्कोप लावून माणसाच्या कानाचं ऑपरेशन केलं. तो एका डोळ्याने बघायचा मायक्रोस्कोप होता. पुढच्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांनी बघायचा मायक्रोस्कोप वापरायला घेतला. इतक्या लवकर एकाचे दोन डोळे का झाले, हे सहज समजण्यासारखं आहे. एका डोळ्याने कानातली हाडं मोठी दिसतात, पण हातातलं हत्यार त्या हाडाला टेकलं आहे की अजून वरच आहे, हे खात्रीने कळत नाही. आणि कानाच्या आत एक मिलिमीटरची चूकही खूप मोठी ठरते.

आपल्या बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या फरकावरून मेंदू जवळ काय, लांब काय ते ठरवतो. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ साली लंडनमध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी एकाच वस्तूची थोड्या वेगळ्या कोनांतून काढलेली दोन सपाट चित्रं आरशांच्या मदतीने एकेका डोळ्याला दाखवली, आणि बघणाऱ्याला ती वस्तू उठावदार, खोलीसकट दिसली. आजचे सगळे थ्रीडी स्क्रीन याच तत्त्वावर चालतात.

आता मेंदूच्या ऑपरेशनचा विचार करू. काम करायची जागा कवटीपासून ६ सेंटीमीटर आत आहे आणि तिथे जायची वाट अरुंद आहे. सर्जनचे डोळे तळापासून ४० सेंटीमीटरवर आहेत असं धरा. तळाच्या एकाच बिंदूवर दोन्ही डोळ्यांची नजर पोचवायची, तर वाटेच्या तोंडाशी त्या दोन नजरांमध्ये साडेनऊ मिलिमीटरचं अंतर पडतं. वाट त्याहून अरुंद असेल तर एक डोळा आत बघतो आणि दुसऱ्यासमोर कडा येते. म्हणजे खोली गेलीच. कपाळावरचा दिवा आणि चष्म्याला लावलेली भिंगं वापरूनही ही अडचण सुटत नव्हती.

मायक्रोस्कोप इथे फार हुशारीचं काम करतो. खाली एक मोठं भिंग असतं. त्याच्या मागे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी प्रकाशाच्या दोन वेगळ्या वाटा असतात, आणि त्या वाटांमधलं अंतर दोन-अडीच सेंटीमीटरच असतं. ३० सेंटीमीटरवरून बघितलं तर वर सांगितलेल्या मेंदूतल्या अरुंद वाटेच्या तोंडाशी दोन नजरांमधलं अंतर पाच मिलिमीटरांवर येतं. म्हणजे मायक्रोस्कोप सर्जनचे दोन डोळे जणू एकमेकांच्या जवळ आणतो, त्यामुळे अरुंद वाटेतूनही दोन्ही आत मावतात. शिवाय दिव्याचा झोत नजरेच्या जवळजवळ त्याच रेषेत सोडलेला असतो, म्हणून तळाशी उजेड पोचतो. चित्र मोठं दिसणं हा यातला एक भाग झाला. मोठं चित्र, दोन्ही डोळ्यांची नजर आणि उजेड हे तिन्ही एका वाटेने आत पोचवणं, ही या यंत्राची खरी कमाई आहे. मायक्रोस्कोपविषयी बोलताना बहुतेक लोक 'किती पट मोठं दिसतं' एवढंच विचारतात, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितलं.

१९५३ साली जर्मनीतल्या झाइस कंपनीचा पहिला खास शस्त्रक्रियेसाठीचा मायक्रोस्कोप बाजारात आला. तो घडवणारे शास्त्रज्ञ हान्स लिटमान यांनी एक मोठी कटकट सोडवली होती. त्यात चकती फिरवून चित्र लहान-मोठं करता येत असे, पण मायक्रोस्कोप आणि रुग्ण यांच्यातलं अंतर तेवढंच राहत असे. हत्यारं फिरवायला हातांना ठरलेली मोकळी जागा मिळाली. १९६० च्या सुमारास अमेरिकेत व्हर्मांटमध्ये ज्युलियस जेकबसन यांनी असाच मायक्रोस्कोप लावून दीड-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या कापून पुन्हा जोडल्या. नुसत्या डोळ्याने ते जमत नव्हतं. मायक्रोस्कोपखाली त्याच हातांनी ते जमलं. हात आधीपासूनच पुरेसे कुशल होते, कमी पडत होते ते डोळे. पण टाके घालायला दोघं लागतात, म्हणून जेकबसन यांनी लिटमान यांच्याकडून दोघांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप करून घेतला. म्हणजे 'मला दिसतं ते समोरच्यालाही दिसायला हवं' ही गरज तेव्हापासूनची आहे.

दुसरी गरज ओळखली झुरिचचे न्यूरोसर्जन गाझी यासारगिल यांनी. तेही व्हर्मांटमध्ये शिकून आले होते. मायक्रोस्कोपमध्ये दिसणारा भाग लहान असतो, त्यामुळे यंत्र सारखं हलवावं लागतं. पण दोन्ही हात मेंदूत गुंतलेले असताना हलवायचं कसं? त्यांनी वजन तोलून धरणारा स्टँड आणि तोंडात धरायची पट्टी वापरात आणली. पट्टी दातांत धरली की स्टँडचे विद्युतचुंबकीय ब्रेक सुटतात आणि मान हलवून मायक्रोस्कोप हलवता येतो. फार सुरेख युक्ती आहे ती, आणि आजही काही सर्जन ती वापरतात. पण सर्जनचं शरीर त्या यंत्राला किती जखडलेलं असतं, हेही तिच्यातून दिसतं. डोळे आयपीसला, म्हणजे मायक्रोस्कोपच्या डोळे लावायच्या भिंगांना, लावलेले, मान त्यामुळे ठरलेली, पाठ त्यामुळे ठरलेली, आणि डोकं एक बोटभर बाजूला गेलं तरी चित्र गायब.

स्क्रीन आल्यावर

डिजिटल थ्रीडी यंत्रात आयपीसच्या जागी दोन कॅमेरे येतात, डाव्या वाटेला एक आणि उजव्या वाटेला एक. दोन्ही चित्रं मोठ्या स्क्रीनवर एकाच वेळी दाखवली जातात. ती ज्या-त्या डोळ्यापर्यंत पोचवायची रीत अशी: स्क्रीनच्या आडव्या ओळींपैकी एकीआड एक ओळ डाव्या डोळ्याची आणि मधल्या ओळी उजव्या डोळ्याच्या. स्क्रीनवर एक पातळ थर असतो. तो एका ओळीतल्या प्रकाशाला उजवीकडे पीळ देतो, पुढच्या ओळीतल्या प्रकाशाला डावीकडे. चष्म्याची एक काच एका पिळाचा प्रकाश आत सोडते, दुसरी काच दुसऱ्या पिळाचा. चष्मा साधा प्लास्टिकचा असतो, त्याला बॅटरी नाही, आणि नंबरच्या चष्म्यावरही तो बसतो. प्रकाशाला असा गोल पीळ देण्याचा फायदा हा की मान थोडी तिरकी केली तरी दोन चित्रं एकमेकांत मिसळत नाहीत. ४के स्क्रीनवर २१६० ओळी असतात, त्यातल्या १०८० एका डोळ्याला मिळतात. म्हणून ४के हा इथे नुसता मिरवण्याचा शब्द नाही. त्याहून कमी ओळींच्या स्क्रीनवर बारीक काम धूसर दिसतं.

२०१६-१७ च्या आसपास ही यंत्रं पुरेशी चांगली झाली. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियांसाठी अल्कॉन कंपनीचं 'एनजेन्युइटी' आलं. सोनी आणि ऑलिंपस यांनी मिळून 'ऑर्बाय' काढलं, त्यात लहानसा कॅमेरा एका लांब दांडीवर असतो आणि चित्र ५५ इंची स्क्रीनवर दिसतं. अशा यंत्राला आयपीसच नसतात. शरीराच्या बाहेर राहून आत बघणाऱ्या या प्रकाराला एक्सोस्कोप म्हणतात.

याने काय फरक पडतो ते डोळ्याच्या एका ऑपरेशनमध्ये जवळून बघू.

दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, अगदी मध्यावर कधीकधी छिद्र पडतं. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा मधलाच भाग दिसेनासा होतो, वाचता येत नाही. ऑपरेशनमध्ये बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं करतात. एकातून द्रव सोडतात, एकातून दिव्याची दांडी आत जाते आणि एकातून हत्यार. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढल्यावर पडद्यावर निळा रंग सोडतात. पडद्याच्या वरच्या पारदर्शक पापुद्र्याला तो रंग धरतो. हा पापुद्रा जेमतेम दोन-तीन मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्या खालचा पडदा तेवढ्या जागी मिलिमीटरच्या पाव भागाइतका जाड, आणि त्याला धक्का लागून चालत नाही. सर्जन चिमट्याची दोन टोकं खाली नेतो. दिव्यामुळे पडद्यावर चिमट्याची सावली पडलेली असते. चिमटा खाली जातो तशी सावली त्याच्याकडे सरकते. टोक आणि सावली एकमेकांना भिडायला आली की हात जवळजवळ थांबतो. मग अगदी अलगद चिमूट, निळ्या पापुद्र्याची एक कड उचलली जाते आणि छिद्राभोवती गोल फिरवत तो सोलून काढला जातो.

जुन्या पद्धतीत या क्षणी बाकीचे काय बघत असतात? मायक्रोस्कोपमधला थोडा प्रकाश बाजूला वळवून कॅमेऱ्याकडे नेलेला असतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर त्याचं सपाट चित्र असतं. त्यात निळा डाग दिसतो, चिमटा दिसतो, पण चिमटा पडद्यापासून किती वर आहे ते दिसत नाही. नेमकं सगळ्यात महत्त्वाचं तेच दिसत नाही. शेजारी शिकणाऱ्या डॉक्टरला कळत नाही की सरांचा हात तिथेच का थांबला. सिस्टरना पुढचं हत्यार कधी लागेल याचा अंदाज सरांच्या आवाजावरून घ्यावा लागतो. थ्रीडी स्क्रीनवर चष्मा लावलेल्या प्रत्येकाला ती फट दिसते. सिस्टर न सांगता पुढचं हत्यार हातात घेऊन तयार राहतात. शिकणारा डॉक्टर केव्हा थांबायचं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. आणि पुढे जेव्हा तो स्वतः चिमटा धरतो, तेव्हा त्याचे शिक्षक खोलीसकट बघत असतात आणि धोका दिसताच 'थांब' म्हणू शकतात. मला स्वतःला या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. रुग्णाच्या सुरक्षिततेशी त्याचा थेट संबंध आहे.

दुसरा फायदा उजेडाचा. डोळ्याच्या आत पाजळलेला दिवा पडद्याला इजा करू शकतो, म्हणून तो जितका मंद तितका बरा. आयपीसमधून बघताना एका मर्यादेपलीकडे दिवा मंद करता येत नाही, कारण सर्जनलाच दिसेनासं होतं. कॅमेऱ्याला मात्र मंद उजेडातलं चित्रही वाढवून घेता येतं. अर्थात फार वाढवलं की चित्रात दाणे दिसतात. कॅमेऱ्याचं छिद्र लहान केलं की वर-खाली जास्त भाग एकाच वेळी स्पष्ट दिसतो, पण मग उजेड पुन्हा कमी पडतो. यातला मेळ प्रत्येक सर्जन आपल्या सवयीने बसवतो.

आणि कॅमेऱ्याला डोळ्यापलीकडचंही दिसतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याच्या मुळाशी क्लिप लावल्यावर प्रश्न उरतो, की फुगा पूर्ण बंद झाला का, आणि शेजारची वाहिनी चुकून आवळली तर गेली नाही ना? त्यासाठी शिरेतून इंडोसायनीन ग्रीन नावाचं औषध देतात. रक्त जिथे वाहतं तिथे ते अवरक्त प्रकाशात चमकतं. माणसाच्या डोळ्याला तो प्रकाश दिसतच नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मेंदूच्या एका घातक गाठीसाठी रुग्णाला आधी ५-एएलए हे औषध पाजतात आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात गाठीचा भाग लालसर उजळतो. जर्मनीत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्कॅनवर उठून दिसणारी गाठ पूर्ण निघाली अशा रुग्णांचं प्रमाण या औषधामुळे ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेलं. ही सोय थ्रीडी स्क्रीनच्याही आधी आयपीसच्या मायक्रोस्कोपमध्ये आली होती. स्क्रीनमुळे ती नेहमीच्या चित्राच्या जोडीला सगळ्या टीमसमोर येते.

अडचणीही आहेत

पहिली अडचण उशिराची. आयपीसमधून दिसणारं चित्र प्रकाशाच्या वेगाने येतं. कॅमेऱ्याचं चित्र टिपायचं, त्यावर प्रक्रिया करायची आणि स्क्रीनवर आणायचं, यात वेळ जातो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर पाच चित्रांचा उशीर म्हणजे ८० मिलीसेकंदांच्या आसपास झाला. सावकाश चालणाऱ्या कामात तो जाणवत नाही. भराभर टाके घालताना काहींना जाणवतो, आणि सवय व्हावी लागते.

दुसरी अडचण बसण्याच्या जागांची, आणि ती ऐनवेळी डोकं फिरवते. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जन रुग्णाच्या डोक्याशी बसतो आणि स्क्रीन पायांच्या बाजूला, सव्वा मीटरच्या आसपास अंतरावर ठेवतात. त्याच्यासाठी सगळं सरळ असतं. पण मेंदूच्या किंवा रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामात असिस्टंट समोर उभा असतो. सर्जनला सरळ दिसणारं चित्र त्याच्या दृष्टीने उलटं असतं. तो हात उजवीकडे नेतो आणि स्क्रीनवर चिमटा डावीकडे जातो. त्यावर उपाय म्हणजे त्याच्यासाठी दुसरा स्क्रीन आणि त्यावर फिरवलेलं चित्र. लहान थिएटरमध्ये भुलीचं यंत्र, ट्रॉल्या आणि वायरींच्या गर्दीत दोन मोठे स्क्रीन मावत नाहीत. विकत घेण्याआधी जमिनीवर टेप लावून जागा मोजून बघावी, इतकी ही साधी पण महत्त्वाची गोष्ट आहे.

शिवाय ज्यांना लहानपणापासून तिरळेपणा आहे किंवा एका डोळ्याची नजर कमी आहे, त्यांना चष्मा लावूनही चित्र सपाटच दिसतं. काहींचं तासाभरात डोकं दुखतं. आणि वीज किंवा कॅमेरा दगा देईल तेव्हासाठी नेहमीचा मायक्रोस्कोप हाताशी ठेवावाच लागतो. ज्या यंत्रांत आयपीस आणि कॅमेरा दोन्ही आहेत, तिथे हा प्रश्न सोपा होतो.

मान आणि पाठ यांचं मात्र स्क्रीनने खरंच भलं केलं. वर्षानुवर्षं आयपीसला डोळे लावून बसणाऱ्या सर्जनना मानेचं दुखणं लागतं, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. तोंडाच्या कर्करोगात जबडा काढावा लागला तर पायातल्या एका हाडाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्याच्या जागी बसवतात. तंबाखूपायी ही वेळ आपल्याकडे फार जणांवर येते. परळच्या टाटा रुग्णालयात असे रुग्ण महाराष्ट्रभरातून येतात. त्या हाडाची धमनी एक ते तीन मिलिमीटरची असते. ती मानेतल्या धमनीला केसाहून बारीक धाग्याने, टाक्यामागून टाका घालत जोडायची असते आणि अख्खं ऑपरेशन दिवसभर चालू शकतं. अशा कामात ताठ बसून समोर बघता येणं ही चैन म्हणता येणार नाही. कोरोनाच्या काळातही एक्सोस्कोप कानाच्या ऑपरेशनमध्ये उपयोगी पडला, कारण गॉगल आणि फेस शील्ड घातल्यावर आयपीसला डोळा लावताच येत नव्हता.

रुग्णांच्या नातेवाइकांना पडणारा प्रश्न उरतो. थ्रीडी असलेल्या ठिकाणीच जावं का? पडद्याच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत. छिद्र बुजणं आणि नजर सुधारणं या बाबतीत दोन्ही पद्धतींचे परिणाम साधारण सारखेच येतात. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचंच असेल तर यंत्राऐवजी हे विचारा, की तुम्ही ही शस्त्रक्रिया नेहमी करता का, कोणत्या पद्धतीने करता, आणि तुमच्या रुग्णांत परिणाम कसे आहेत. आणि डोळ्यासमोर अचानक पडदा ओढल्यासारखी सावली आली, चमकारे दिसू लागले, काळे ठिपके एकदम वाढले, तर पडदा सुटत असण्याची शक्यता असते. त्याचा मधला भाग जागेवर आहे तोवर ऑपरेशन झालं तर नजर वाचायची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि त्यासाठी हाताशी अनेकदा एखाद-दोन दिवसच असतात. अशा वेळी थ्रीडी यंत्राच्या शोधात दुसऱ्या शहराची तारीख घेऊन थांबू नका. जवळ जिथे पडद्याचे सर्जन आहेत तिथे त्याच दिवशी जा.